उणे वीस आणि खारे पिस्ते

“हेर क्युपर्स, तुम्ही दर शुक्रवारी कॅसिनोत जाऊन पत्ते मोजता, हे खरं का?”

हा प्रश्न स्वरूपा खांबेटेने बारावीच्या गणिताच्या तासाला, हात वर करून आणि चक्क उभं राहून विचारला. उभं राहायची काही गरज नव्हती. जर्मनीतल्या आखनच्या शाळेत शिक्षकांशी बोलायला कुणी उभं राहत नाही. पण तिसरीपर्यंत पुण्यात शिकलेल्या मुलीचे गुडघे मास्तर दिसले की आपोआप सरळ होतात, त्याला ती तरी काय करणार? प्रश्नही खरं तर तिचा नव्हता. मागच्या बाकावरच्या यूले आणि नादीनने तिला डिवचलं होतं, “विचारून दाखव, म्हणजे महिनाभर बसमधली खिडकी तुझी.” सहा महिन्यांपूर्वीची स्वरूपा अशा वेळी दप्तरात काहीतरी शोधू लागली असती. ती स्वरूपा शिंकायचीसुद्धा परवानगी मागितल्यासारखी. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने केस कानापर्यंत कापले आणि त्याच आठवड्यात तिला एक मोठा शोध लागला, की आपण मोठ्याने बोललो तर लोक ऐकतात. तेव्हापासून ती मोठ्यानेच बोलत होती. आईच्या मते जरा जास्तच.

हेर, म्हणजे श्रीयुत, क्युपर्सनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“आल्झो, तर ऐका,” ते म्हणाले, “मोजतो. आणि तरीही हरतो. पण ज्याला हरण्याचं कारण कळतं, तो माणूस सुखी असतो.”

मग त्यांनी त्या दिवसाचं सगळं बाजूला ठेवून फळ्यावर पत्ते मोजायची रीत लिहिली. खेळ आपला एकवीसचाच. पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, पुढे गेली की मेलात. पत्ते उघडे पडत जातात तसं मनात मोजायचं. दुर्रीपासून छक्कीपर्यंतचं लहान पान पडलं की अधिक एक. सत्ती, अठ्ठी, नव्वी यांना शून्य. दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का पडला की उणे एक. आकडा वर गेला तर समजावं, लहान पानं संपली, पुढे मोठी उरली, आता जोर लावा. खाली गेला तर पुढे लहान पानं आहेत, आता हात आखडता घ्या. कॅसिनोत एका खोक्यातून पत्त्यांचे सहा कॅट एकदम वाटतात, म्हणून येणाऱ्या आकड्याला उरलेल्या कॅटांनी भागायचं. झालं.

“आणि शेवटचं पान पडल्यावर,” हेर क्युपर्स म्हणाले, “उत्तर शून्य यायलाच हवं. जेवढी लहान तेवढी मोठी. शून्य आलं नाही तर चूक पत्त्यांची नसते. मोजणाऱ्याची असते.”

हे वाक्य त्यांनी सबंध वर्गाला उद्देशून म्हटलं. पण स्वरूपाला वाटलं, आपल्यालाच म्हटलं. त्याला कारण होतं. मागच्या परीक्षेत तिला चार मिळाले होते. चार हा आकडा पुण्यात कितीतले चार असा विचारण्याजोगा असला तरी जर्मनीत एक म्हणजे उत्तम, सहा म्हणजे नापास आणि चार म्हणजे कसाबसा काठावर. आणि गंमत अशी, की तिने तीन गणितं बरोबर सोडवून, मग स्वतःवर विश्वास न बसल्यामुळे खोडून, खाली चुकीची उत्तरं लिहिली होती. खोडलेल्या प्रत्येक उत्तराशेजारी हेर क्युपर्सनी लाल शाईने ‘शाडे’ लिहिलं होतं. शाडे म्हणजे अरेरे. तीनदा अरेरे.

घरी या अरेरेचं रूपांतर राष्ट्रीय प्रश्नात झालं होतं. इथं शाळा तेरावीपर्यंत असते; गणित सगळ्यांनाच असतं, पण शेवटच्या दोन वर्षांसाठी दोन मुख्य विषय निवडतात. स्वरूपाचे वडील श्रीधर खांबेटे हे मोटारींच्या गिअरबॉक्सचे इंजिनिअर, आणि आपल्या मुलीला ‘गणित घेऊ नकोस’ म्हणून विनवणारा हा जगातला बहुधा एकमेव मराठी इंजिनिअर असावा. त्यांनी तिला बायोलॉजीत बसवलं होतं. विषय बदलायची शेवटची तारीख कोजागिरीनंतरचा सोमवार. आणि स्वरूपाला तर गणितच हवं होतं.

“तुला येत नाही असं मी म्हणतच नाही,” बाबा वरणभातावर तूप घेत म्हणाले. “येतं. पण सिली मिस्टेक्स होतात तुझ्या. माझ्याकडे असा मनुष्य असता तर मी त्याला गिअरला हात लावू दिला नसता.”

“मी गिअर नाही बाबा, पेपर लिहिते.”

“तत्त्व तेच.”

“अहो, जेवू द्या तिला,” आई म्हणाली. आई म्हणजे ऊर्मिला खांबेटे; घरातली एकमेव व्यक्ती जिला गणित घेतलं काय आणि बायोलॉजी घेतली काय, भाजी कोण निवडणार एवढंच विचारायचं असे.

आणि इथं स्वरूपाने तोंड उघडलं. नवीन केस, नवीन आवाज, त्यात क्युपर्सचा फळा डोक्यात ताजा.

“पैज लावा. कोजागिरीला मराठी मंडळात पद्माकरकाका एकवीसची बँक धरतात ना? मी पत्ते मोजून बँकेला हरवते. दहाचे वीस करते. केले तर सोमवारी गणित.”

“आणि नाही झाले तर?”

“बायोलॉजी. तोंड वाकडं न करता.”

बाबांनी तिच्याकडे गिअरबॉक्सकडे पाहावं तसं पाहिलं. “डन,” ते म्हणाले. आई म्हणाली, “देवीच्या दिवशी जुगार,” आणि ताक वाढलं.

पद्माकरकाकांनी कॅसिनोसारखेच सहा कॅट घेऊ म्हणून हौसेने कळवलं; आता ते जमवणं आलं. ऐकायला सोपं वाटतं. घरात एक कॅट होता. तो पुण्याहून आलेला, आणि त्यातली किलवरची नव्वी हरवल्यामुळे तिच्या जागी दादरच्या एका चष्मेवाल्याचं कार्ड होतं. त्याला स्वरूपाने नव्वीचा दर्जा कायम ठेवला. नव्वीला शून्यच मोजायचं असल्यामुळे चष्मेवाल्याने हिशेबात काही बिघाड केला नाही. एक कॅट यूलेच्या भावाचा, कोकचा डाग पडलेला. दोन कॅट मंडळाच्या दोन घरांतून, प्रत्येकासोबत अर्धा तास सल्ला. राहिलेले दोन खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ पोल, म्हणजे पोलबाई, यांच्याकडून आले, पण ते मागून नव्हे.

त्याचं असं झालं. पत्ते पिसण्याचा सराव करायचा म्हणून स्वरूपाने शनिवारी दुपारी लाकडी फरशीवर बैठक मारली. तीनशे बारा पत्ते. खर्रर्र, खट. खर्रर्र, खट. दहाव्या मिनिटाला दारावरची बेल वाजली. फ्राऊ पोल उभ्या होत्या, वय पंच्याहत्तर, हातात इमारतीच्या नियमांचा कागद.

“एक ते तीन मिट्टाग्सरूह,” त्या म्हणाल्या. म्हणजे दुपारची शांतता, जी त्या देशात घटनेइतकीच पवित्र मानतात. “तुमच्याकडे कुणी शिवणयंत्र चालवतंय का?”

“नाही, पत्ते पिसतेय.”

फ्राऊ पोलचा चेहरा बदलला. त्या आत आल्या, बूट काढले, आणि सोफ्यावर बसून म्हणाल्या, “पिसून दाखव.” मग म्हणाल्या, “चुकीचं पिसतेस. सतरंजी घाल खाली, म्हणजे आवाज होणार नाही.” थोड्या वेळाने खाली जाऊन आपल्या रमीचे दोन कॅट घेऊन आल्या. “माझ्या नवऱ्याचे पण आहेत, पण ते स्काटचे. स्काट हा पुरुषांचा खेळ. तासन्‌तास बसायचे आणि टेबलावर मुठी आपटायचे. ते पत्ते तुझ्या कामाचे नाहीत.” का नाहीत, हे स्वरूपाने विचारलं नाही. विचारलं असतं तर ही कथा इथंच संपली असती आणि मंडळाची अब्रूही वाचली असती.

मग बाबांच्या बुटांच्या खोक्याला उतार देऊन, तोंडाला फट पाडून, पत्ते वाटायचं यंत्र झालं. पण खरी अडचण पुढे होती. उरलेल्या कॅटांनी भागायचं, म्हणजे किती कॅट उरलेत ते नुसत्या नजरेने कळलं पाहिजे. त्यासाठी स्वरूपाने बाबांच्या कपाटातून व्हर्नियर काढला. हे जाडी मोजायचं चकचकीत पोलादी हत्यार बाबांनी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापासून जपलेलं. त्याला हात लावण्यापूर्वी घरात हात धुवायचा रिवाज होता. तिने हात धुतले आणि मोजलं. एक कॅट, साडेपंधरा मिलिमीटर. मग सगळ्या गोष्टी तिला कॅटांत दिसू लागल्या.

“आई, पोळ्या साडेतीन कॅट झाल्या. अजून लाटतेस?”

“अहो, ऐकलंत का?” आई बाबांना म्हणाली. “बायोलॉजी तरी बरी होती.”

दहा दिवसांत ती तयार झाली. खोक्यातून पत्ते सटासट पडत, ती भाजी निवडत, मनात मोजत, भागत, आणि तीनशे बाराव्या पत्त्याला आकडा शून्यावर येऊन अलगद बसे. प्रत्येक वेळी. एकदा उणे एक आला, तर फ्रीजखाली एक पंजी सापडली. तिला स्वतःचा इतका अभिमान वाटला की तिने यूलेला फोन करून पाच मिनिटं फक्त शून्याबद्दल सांगितलं.

आणि बुधवारी पद्माकरकाकांचा फोन आला.

पद्माकरकाका म्हणजे मराठी मंडळाचे अध्यक्ष, खजिनदार आणि खरेदीप्रमुख. या तिसऱ्या पदावर त्यांचा विशेष जीव होता. दुकानात पिवळ्या पाटीवर ‘ऑफर’ लिहिलेलं दिसलं की ते आधी उचलत आणि वस्तू काय आहे हे घरी जाऊन बघत. त्या वर्षी मसाला दुधासाठी त्यांनी ऑफरमध्ये तीन किलो पिस्ते उचलले होते. ते खारे निघाले. दुधात घालता येईनात, परतही देता येईनात. तेव्हा एकवीसच्या खेळात पैशांऐवजी पिस्ते लावायचे, असा ठराव कार्यकारिणीने एकमताने केला. एकमत म्हणजे पद्माकरकाका.

“स्वरूपा, बेटा, एक घोळ झालाय,” काका म्हणाले. “हॉल चर्चचा. त्यांच्या ऑफिसातल्या बाईंनी विचारलं, कार्यक्रमात काय काय? मी म्हटलं, दूध, गाणी, एकवीस. त्या म्हणाल्या, जुगार? मी म्हटलं, पिस्ते. त्या म्हणाल्या, पिस्त्यांना किंमत असते. मी म्हटलं, या पिस्त्यांना नाही. तिथवर जमलं होतं गं. पण मग तुझ्या त्या बुटाच्या खोक्याचा फोटो दाखवला, हौसेने. त्या म्हणाल्या, उपकरण असेल तर कॅसिनो. हातातला एक कॅट असेल तर कौटुंबिक खेळ. नियमच आहे म्हणे. तेव्हा सहा कॅट रद्द. एकच.”

“एकच?” स्वरूपा किंचाळली.

“एकच. आणि तो मीच आणतो, नवा कोरा, सीलबंद. तू मोजणार म्हणून बोंब झालीय सगळीकडे. उगाच कुणाला संशय नको.”

स्वरूपाने फोन ठेवला आणि सतरंजीवर बसकण मारली. सहा कॅटांची सवय, सहा कॅटांची नजर, सहा कॅटांचा भागाकार, आणि आता एक कॅट! सहा जणांच्या कुटुंबाच्या स्वयंपाकाचा अंदाज असलेल्या बाईला एकटीसाठी वरण लावायला सांगितलं तर जी तारांबळ होते तीच.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने हेर क्युपर्सना जिन्यातच गाठलं. यावेळी कुणी पैज लावली नव्हती, हे तिच्या लक्षात आलं नाही.

“एका कॅटात काय बदलतं?”

“सगळं आणि काहीच नाही,” ते म्हणाले. हातात सँडविच होतं. “रीत तीच. पण सहा कॅटांतून एक राजा गेला म्हणजे टाकीतून पेलाभर पाणी गेलं. एका कॅटातून गेला म्हणजे बादलीतून गेलं. आणि भागाकार उलटा फिरतो. अर्धाच कॅट उरला असेल तर अर्ध्याने भागायचं, म्हणजे आकडा दुप्पट. उणे चारचे उणे आठ. पारडं झटकन कलतं. कललं की घाबरायचं नाही, आकड्यावर विश्वास ठेवायचा.”

“आणि शेवटी शून्य?”

“गेनाऊ, अगदी बरोबर. शेवटी शून्य.”

दोन दिवस तिने बसच्या खिडकीशी बसून, हो, खिडकी मिळाली होती, एका कॅटाचा सराव केला. घाबरायचं नाही. आकड्यावर विश्वास.

कोजागिरी शनिवारी दुपारी चार वाजता साजरी झाली. आठला हॉल रिकामा करून द्यायचा होता. चंद्राचं काम छताला टांगलेल्या स्टीलच्या परातीने केलं, आणि तिच्यावर टेबललॅम्पचा उजेड पाडल्यावर ती चंद्रापेक्षा स्वच्छ दिसत होती. दूध आटलं, गाणी झाली, आणि मधल्या टेबलावर पद्माकरकाका पिस्त्यांचा डबा घेऊन बसले. नव्या कॅटाचं वेष्टण त्यांनी सर्वांसमक्ष फाडलं. पाकीट खिशात टाकलं, आणि कॅट पिसला.

खेळायला तिघं बसले. स्वरूपा, शिरीषकाका आणि पद्माकरकाकांच्या सौभाग्यवती विभावरीकाकू. प्रत्येकाला दहा पिस्ते. शिरीषकाकांनी पहिल्या डावाच्या आतच आपले तीन खाल्ले.

“अहो शिरीष, ते भांडवल आहे,” पद्माकरकाका म्हणाले.

“भाजलेलं भांडवल आहे हो. उत्तम भाजलंय.”

दोन डाव झाले की कॅट परत पिसायचा, असा काकांनी नियम जाहीर केला. मागे बाबा उभे, हाताची घडी. शेजारी आई, हातात दुधाचा पेला. आणि त्यांच्या मागे अर्धं मंडळ, कारण खांबेट्यांची पोरगी मोजते ही बातमी दुधाच्या आधी वाटली गेली होती.

पहिला डाव. राणी, राजा, अठ्ठी, एक्का, दश्शी, सत्ती, गुलाम... डाव संपला तेव्हा आकडा होता उणे सात. पारडं झटकन कलतं, सांगितलंच होतं! मोठी पानं पडून गेली. आता लहान पानांची नुसती रांग लागणार. उरलेली गड्डी तिच्या सरावलेल्या डोळ्याला जरा बारीक वाटली खरी, पण नवे पत्ते, पातळ असतील.

दुसऱ्या डावात तिला सात आणि सात मिळून चौदा आले. काकांपुढे अठ्ठी उघडी.

“पत्ता द्या,” ती म्हणाली.

“थांब गं,” विभावरीकाकू म्हणाल्या. “चौदा पुरेत. हाव कशाला?” स्वतः काकूंनी पंधरावर हात आवरला होता. शास्त्रानुसार हा शुद्ध वेडेपणा होता.

“काकू, आता लहानच पान येणार. हिशेब आहे.”

राजा आला, म्हणजे दहा. चोवीस. काकांनी तिचा पिस्ता ओढून घेतला. मग काकांना स्वतःला सोळा आले, त्यांनी पान घेतलं, त्यांनाही राणी आली, ते मेले. काकूंना पिस्ता मिळाला.

“बघ,” काकू म्हणाल्या. “मी काही केलं का? बसून राहिले.”

कॅट पिसला. पुन्हा पहिल्या डावानंतर उणे सहा. पुन्हा स्वरूपाची खात्री. पुन्हा तिने पंधरावर पान मागितलं आणि पुन्हा गुलाम आला. आणि मग हे होतच राहिलं. प्रत्येक वेळी मोठी पानं आधी, प्रत्येक वेळी लहान पानं गड्डीच्या तळाशी दबा धरून बसलेली, आणि ती वर यायच्या आत काका कॅट पिसून टाकणार. चौदावर राणी. सोळावर दश्शी. एकदा सोळावर एक्का आला तेव्हा अर्ध्या मंडळाने टाळ्या वाजवल्या. मग काकांना वीस आले. विभावरीकाकू चौदावर बसत, पंधरावर बसत, काही न करता बसत, आणि त्यांच्यापुढे पिस्त्यांचा ढीग वाढत होता. मधूनच त्या त्यातला एक उचलून स्वरूपाला देऊ करत, “घे गं बाळ, रडू नकोस,” आणि स्वरूपा रडत नव्हती, हे विशेष लक्षात ठेवावं.

“ग्रह फिरलेत,” मागून कुणीतरी म्हणालं.

“जागा बदल. खिडकीकडे तोंड कर.”

“तिला आधी दूध द्या हो. रिकाम्या पोटी मोजतेय.”

शेवटी तिच्यापुढे एक पिस्ता उरला. तोही न उकललेला, दात लावला तरी उघडणार नाही असा. स्वरूपाने मागे पाहिलं नाही. बाबा हसत असते तर चाललं असतं. पण ते हसत नव्हते हे तिला न बघताच कळत होतं. ते तीनदा अरेरे असं उभे होते.

“काका,” ती म्हणाली, “हा शेवटचा. यावेळी मध्ये पिसू नका. शेवटच्या पानापर्यंत वाटा.”

“बँकेला काय फरक पडतो? बँक कधी बुडत नाही, पोरी,” म्हणत काकांनी वाटलं. पहिला डाव, बरोबरी. दुसरा डाव, तिचा पिस्ता गेला. पिस्ता गेल्याबरोबर लोक दुधाकडे वळू लागले. पण स्वरूपा बसून राहिली. “उरलेली पानं उघडा ना, काका.” काकांनी सुस्कारा टाकून एकेक पान उलटं केलं. नव्वी. राजा. एक्का. सत्ती. ती मोजत होती. शेवटचं पान चौकटची राणी.

उणे वीस.

शून्य यायला हवं होतं. शून्य आलं नाही तर चूक मोजणाऱ्याची. स्वरूपाच्या डोक्यातलं ते जुनं खोडरबर लगेच सरसावलं. कुठे चुकले? काकू बोलत होत्या तेव्हा? शिरीषकाकांनी पान पिस्त्यांखाली दडवलं तेव्हा? सिली मिस्टेक. आता उठायचं, दूध प्यायचं, आणि सोमवारी बेडकाच्या पोटात काय असतं ते शिकायला जायचं.

ती अर्धी उठलीसुद्धा. आणि तशीच थांबली.

चुका करणारी मुलगी दोन चुका करेल, चार करेल. थोड्या इकडे, थोड्या तिकडे. पण वीस? आणि वीसच्या वीस एकाच दिशेला? एवढं सातत्य तिच्यात असतं तर बाबांनी तिला केव्हाच गणित घेऊ दिलं असतं! तिने आठवून पाहिलं. दुपारभरात आपण एकदा तरी मनात ‘अधिक एक’ म्हटलं का? एकदासुद्धा नाही.

ती सरळ उभी राहिली. गुडघे आपोआप सरळ झाले.

“कुणी आज दुर्री पाहिली?”

हॉलमध्ये दुधाचे पेले थांबले.

“तिर्री? पंजी? छक्की? कुणाकडेही? एकदा तरी?”

“मला वाटलं, त्या सगळ्या तुझ्याकडे जातायत,” शिरीषकाका म्हणाले. “म्हणून तर मी खात बसलो.”

स्वरूपाने पर्समधून रुमालात गुंडाळलेला व्हर्नियर काढला. मागे बाबांनी दचकून श्वास घेतलेला सगळ्या हॉलला ऐकू आला. तिने पत्ते नीट ठोकून गड्डी केली, व्हर्नियरच्या जबड्यात धरली, आणि परातीच्या चंद्राखाली नेऊन वाचलं.

“साडेनऊ मिलिमीटर,” ती म्हणाली. “पूर्ण कॅट साडेपंधरा असतो. काका, पत्त्यांचं पाकीट दाखवा.”

काकांनी खिसे चाचपले. पाकीट निघालं. त्यावर मोठ्या, लाल, चष्म्याशिवाय दिसणाऱ्या अक्षरांत ‘स्काट’ लिहिलेलं होतं, आणि त्याखाली ‘३२ पत्ते’. स्वरूपाला फ्राऊ पोलचा नवरा आणि त्याची टेबलावर आपटलेली मूठ आठवली. सत्तीच्या खालचं पानच नसतं त्या खेळात! पुढे येणार, पुढे येणार म्हणून ती दुपारभर ज्या लहान पानांची वाट पाहत होती, ती पानं कारखान्यातून निघालीच नव्हती.

“ऑफरमध्ये होते,” पद्माकरकाका क्षीण आवाजात म्हणाले.

“पिस्तेही ऑफरमध्येच होते,” विभावरीकाकू म्हणाल्या.

“थांबा, थांबा,” शिरीषकाका उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा एखाद्या जुन्या दुखण्याचं निदान झाल्यासारखा उजळला होता. “गेल्या वर्षीचे पत्ते तुम्हीच आणले होते ना? संपूर्ण रात्र रमीत मी तिर्री-चौर्रीला पंजी लागायची वाट बघत होतो हो! मला वाटलं माझं नशीबच तसं!”

“तिर्री आणि चौर्री तुम्हाला मिळाली कुठून?” स्वरूपाने विचारलं.

“मिळाली नाहीच! तेच तर म्हणतोय!”

यानंतर जो गोंधळ झाला त्यात कुणी काकांना हिशेब विचारला, कुणी दूध उतू घालवलं, आणि काकूंनी आपला पिस्त्यांचा ढीग पदराआड सरकवला, कारण खेळ रद्द झाला तरी त्या जिंकलेल्या होत्या. बाबा मात्र टेबलाशी आले. बेसिनवर जाऊन हात धुऊन आले. व्हर्नियर घेतला, गड्डी मोजली, उलटी करून परत मोजली.

“साडेनऊ,” ते म्हणाले. मग जरा थांबून, कामावर म्हणतात तशा आवाजात, “रीडिंग करेक्ट आहे.”

आठ वाजता तिघं बसस्टॉपवर उभी होती. आईच्या हातात उरलेल्या दुधाचं पातेलं, बाबांच्या बगलेत परात, कारण ती खांबेट्यांची होती.

“हे बघ,” बाबा म्हणाले, “टेस्टच इनव्हॅलिड झाली. उपकरणात दोष होता, तुझ्यात नाही. तेव्हा पैज रद्द. उद्या घरी बसू, बावन्न पत्त्यांचा कॅट घेऊ, बँक मी धरतो. फेअर?”

त्यांच्या दृष्टीने हे फार मोठं मन होतं, आणि तिलाही ते समजत होतं. दहा दिवसांपूर्वी तिने उडी मारून हो म्हटलं असतं.

“नाही बाबा,” स्वरूपा म्हणाली. “परत नाही खेळायचं. उद्या पत्ते तुमच्या बाजूने पडले तर काय, मला गणित येत नाही असं होणार? आज मी दहाच्या दहा पिस्ते हरले आणि माझं उत्तर बरोबर होतं. तेवढं पुरे.” तिने श्वास घेतला. “मी सोमवारी गणित घेतेय.”

बस वळणावर दिसली. आईने पातेलं या हातातून त्या हातात घेतलं.

“स्वरूपा, हे तू आम्हाला विचारतेयस की सांगतेयस?”

“सांगतेय,” स्वरूपा म्हणाली. “आणि व्हर्नियर माझ्याकडेच राहणार आहे.”